मोजणीच्या दुर्बिणीतली माय

माझं शिक्षण चौथीपर्यंतच, अक्षर किडमिडं आणि शुद्धलेखन कच्चं, त्याची माफी असावी. आज बांधावर मोजणीवाल्यांची तीन पायांची घोडी आणि तिच्यावरची दुर्बीण दिसली आणि आमचा गडचिरोली जिल्हा नवा झाला तेव्हाचा उन्हाळा आठवला. कालव्यासाठी जमिनीचे चढउतार मोजायला चंद्रपूरहून एक साहेब आला होता. मोहफुलं वेचायचं सोडून माय त्याच्याकडे रोजीने लागली. आकडे लिहिलेली उंच पट्टी धरून ती दूर धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उन्हात उभी राहायची. हलली तर रोजी कापीन, असं त्याने बजावलं होतं. एकदा दुर्बिणीतून बघता बघता तो गावच्या माणसांना म्हणाला, "या, बाई डोक्यावर उभी आहे बघा." एकेक जण डोळा लावून हसू लागला. एकाने विचारलं, "अबे, पाय वरतं झाले तरी हिचं पातळ काऊन नाई पडून राह्यलं?" तिकडे माय एका हाताने पदर चाचपत होती, पण पट्टी सोडत नव्हती. मीही डोळा लावला आणि खूप हसले. संध्याकाळी तिने विचारलं, "काऊन हासत होते वं सारे?" मी सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पातळाचा घेर पोटऱ्यांशी सुतळीने बांधला आणि लहान लहान पावलं टाकत पुन्हा कामावर गेली. त्या दुर्बिणीत सगळंच उलटं दिसायचं. साहेब समोर उभा राहिला असता तर तोही उलटाच दिसला असता. हे मला कळलं, तेव्हा सांगायला माय राहिली नव्हती.