मॅट्रिक फेल पायाळू

आमच्या गावात इंग्रजी शब्द फार नव्हते, पण जे होते ते बसून खात नव्हते. त्यातल्या 'फेल' या शब्दाला तर सुट्टीच नसायची. पाऊस फेल जायचा, पेरलेलं बी फेल जायचं, जामखेडच्या एसटीचे ब्रेक फेल व्हायचे. ठरत आलेली सोयरीक मोडली की ती फेल गेली, आणि धडधाकट माणूस अचानक गेला की हार्टफेल. आमटीत मीठ जास्त पडलं तरी आई म्हणायची, "आज आमटी फेल." पुढे मी शाळेच्या डिक्शनरीत या शब्दाचे अर्थ पाहिले, तर ते आईच्या अर्थांपेक्षा कमीच भरले.

माणसाच्या नावामागे लागला की मात्र हाच शब्द भाव खायचा. मॅट्रिकपर्यंत पोचलेलेच गावात मोजके, त्यामुळे 'मॅट्रिक फेल' ही एक पदवीच होती. सरकारी कागद वाचून घ्यायचा असला की लोक म्हणत, "त्या मॅट्रिक फेलला बोलवा." एकाहत्तर-बहात्तरच्या त्या कोरड्या काळात मीही ही पदवी मिळवली, आणि तीही एकट्या इंग्रजीच्या जोरावर. पेपरात 'विदाउट फेल' वापरून वाक्य करायला सांगितलं होतं. मी लिहिलं, 'आय शॅल पास विदाउट फेल.' ते वाक्य बरोबर होतं याची मला आजही खात्री आहे. बाकीच्या पेपराने त्याला साथ दिली नाही.

निकाल ऐकून जामखेडहून परत आलो तेव्हा दादा, म्हणजे माझे वडील, आमच्या विहिरीच्या काठावर बसले होते. विहीर उन्हाळ्यातच आटली होती.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

"फेल."

दादांनी खाली विहिरीत पाहिलं. "ही पन," ते म्हणाले. रागावले नाहीत, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

दादांनी मनाशी काय ते ठरवून टाकलं होतं. रानात दुसऱ्या जागी पाणी लागलं तर घर गावात राहील आणि मी ऑक्टोबरच्या परीक्षेला परत बसेन. नाही लागलं तर दसऱ्यानंतर आम्ही सगळ्यांनी ऊसतोडीला जायचं, नेवाशाकडच्या बागायती पट्ट्यात. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि एकटा माणूस म्हणजे अर्धा. मॅट्रिक फेलवरून माझी बढती थेट अर्ध्या कोयत्यावर होणार होती. मला त्याची खरोखर धडकी भरली होती. शेतकऱ्याच्या पोटी जन्मलो, पण विळा हातात घेतला की गवताआधी माझंच बोट कापायचं.

आता पाण्याची जागा दाखवणार कोण? हातावर नारळ घेऊन रानभर फिरणारा पाणाड्या आदल्या वर्षीच कोरडी जागा दाखवून फेल गेला होता. तेव्हा आईला आठवलं की घरात पायाळू आहे. पायाळू म्हणजे डोक्याऐवजी पाय आधी बाहेर काढून जन्मलेला माणूस, अर्थात मी. अशा माणसाला जमिनीखालचं पाणी कळतं अशी आमच्याकडची समजूत. दुसरी समजूत अशी की कंबरेत चमक भरली तर पायाळूची लाथ लागल्यावर ती जाते. त्यामुळे लहानपणापासून सकाळी सकाळी कुणी ना कुणी आमच्या अंगणात पालथं पडलेलं असायचं. मी हलकेच पाय लावायचा, त्यांनी कण्हत उठायचं आणि माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवायचा. माझ्या आयुष्यातला बिनबोभाट चाललेला धंदा एवढा एकच.

अख्ख्या गावाने माझी लाथ खाल्ली होती, दादा सोडून. त्यांच्या कंबरेत वर्षाला एकदा तरी चमक भरायचीच. ते उपरणं घट्ट आवळायचे आणि आठवडाभर वाकून चालायचे. "बापाच्या अंगाला पोराचा पाय लागत नसतो," एवढंच म्हणायचे.

"डोक्याचं बघून झालं," आईचं ऐकून ते म्हणाले, "आता पायाचं बघू."

दुसऱ्या दिवशी सकाळी मला अंघोळ घालून, अनवाणी, रानात सोडलं. निम्मं गाव बांधावर बसलं होतं. जिथे तळव्याला गार लागेल तिथे मी थांबायचं होतं. सुरुवातीला सगळंच गार लागत होतं, कारण ऊन यायचं होतं. मग ऊन आलं आणि सगळंच सारखं तापलं. मी उभा चाललो, आडवा चाललो. लोकांना तंबाखू मळायला वेळ मिळावा इतका रेंगाळलो. पायाला खडे कळत होते, ढेकळं कळत होती, पाण्याचा मात्र पत्ता नव्हता. शेवटी रानाच्या वरच्या अंगाला एक सराट्याचा काटा असा काही तळव्यात घुसला की मी एका पायावर उभा राहिलो.

"थांबला!" माझे चुलते ओरडले.

"काका, सराटा हाय!" मी पण ओरडलो.

दादा पहार घेऊन पळत आले. "सराट्याचा येल हिरवा हाय का वाळल्याला?"

मी खाली पाहिलं. "बुडाशी हिरवा हाय."

"मग पान्याबिगर हिरवा ऱ्हाईल व्हय?" असं म्हणून त्यांनी तिथेच पहार रोवली. या प्रश्नाला मॅट्रिकच्या अभ्यासक्रमात उत्तर नव्हतं.

आम्ही खोदायला लागलो. दादा, चुलते आणि मी. माझ्या हातांना पहिल्याच दिवशी फोड आले, पण काही दिवसांनी पिवळा मुरूम लागला आणि तो ओलसर निघाला. दादा मूठभर मुरूम नाकाशी धरायचे आणि मग माझ्या नाकाशी आणायचे. आई माझ्या पायांना तेल लावायला लागली. लाज वाटते सांगायला, पण मीही माझ्या पायांकडे आदराने पाहू लागलो होतो. त्यांना कुणाची दृष्ट लागू नये म्हणून धुतल्यावर लगेच झाकून घ्यायचो.

आणि मग काळा कातळ लागला. पहार आदळली की हातच झिणझिणायचे. सुरुंग उडवला तर वरच्या कपच्या तेवढ्या निघाल्या. त्या कातळाला फट नव्हती की ओल नव्हती. त्या संध्याकाळी चुलत्यांनी टिकाव बाजूला ठेवला, तेव्हा सगळ्यांना कळायचं ते कळलं. काठावर जमलेल्या लोकांतून कुणीतरी ओरडलं, "आरं, पायाळू फेल गेला रं!"

सगळे हसले. मी खड्ड्यात घमेलं घेऊन उभा होतो. या शब्दावर इतकी वर्षं मीही हसत आलो होतो, पण त्या वेळी मला वर यायचंच नव्हतं.

दादांना ते ऐकून काय झालं कोण जाणे. ते एकटेच एक मोठा दगड उचलायला वाकले आणि वाकलेलेच राहिले. कंबरेत चमक भरली होती. चुलत्यांनी आणि मी त्यांना कसंबसं वर काढलं. लोक पुढे झाले. दादा मुरमाच्या ढिगावर पालथे झोपले आणि म्हणाले, "इकडं ये. लाथ दे."

"दादा, नको."

"दे म्हन्तो न्हवं? ह्या सगळ्यांदेखत दे."

मी डोळे मिटले आणि त्यांच्या कंबरेला पाय लावला. घामाने भिजलेली बंडी, तिच्यावर चिकटलेला मुरूम. एका क्षणात पाय काढला आणि त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. मला रडू फुटलं होतं.

दादा उठले. अगदी ताठ उठले. अंगावरची धूळ झटकली, डावीकडे वळून दाखवलं, उजवीकडे वळून दाखवलं.

"गेली चमक," ते मोठ्याने म्हणाले. "कोन म्हन्तं फेल? पाय पास हाय त्याचा. आता डोक्याला अजून एक डाव देतो. आमी दोघं नवरा-बायकू कोयत्याला जातो. ह्यो चुलत्याकडं ऱ्हाईल आन् आक्टोबरला परीक्षेला बसंल."

लोक एकेक करून पांगले. दादा घराच्या वाटेला लागले. पहार आणि टिकाव गोळा करून मी जरा मागून निघालो. बांधापर्यंत ते ताठ चालले. बांधाआड वळल्यावर त्यांनी बाभळीचं खोड धरलं, एक हात कंबरेवर ठेवला आणि कण्हत खाली वाकले. बराच वेळ ते तसेच उभे होते. मी त्यांना दिसू नये म्हणून बांधाच्या अलीकडेच बसून राहिलो.

रात्री जेवताना त्यांनी आईला माझ्या ताटात गुळाचा खडा ठेवायला लावला.

ऑक्टोबरात मी इंग्रजीत सुटलो, नेमक्या पस्तीस मार्कांनी. अभ्यास केला होता, पण त्याहून जास्त काम दादांच्या कंबरेच्या धास्तीने केलं. निकाल लागला तेव्हा ती कंबर नेवाशाकडच्या उसात वाकलेली होती.