निळ्या पेनानं अक्का

दुपारची भाकरी पोटात गेली की डोळ्यांवर जी झापड येते, ती काही झोप नव्हे. मला दुपारी झोप लागत नाही, हे साऱ्या गल्लीला ठाऊक आहे. मी सोप्यात वाकळेवर आडवी होते, एवढंच. आज छातीवर कागद आहे, दातांत निळं बॉलपेन आहे, आणि बाहेर कुणाची तरी कोंबडी एका अंड्यापायी गाव गोळा करते आहे. तिचं ओरडणं लांब लांब जातं.

कागदावर माझी थोरली जाऊ आहे. बायनाक्का. म्हणजे तिचा पदर आहे, भांग आहे, दोन्ही कानांतल्या कुड्या आहेत. मधे तोंडाच्या जागी कागद अजून पांढराच.

अक्काला जाऊन येत्या गुरुवारी वर्ष होतंय. तिचा फोटो एकच, मतदानाच्या कार्डावरचा, आणि त्यात ती बाई शेजारची कणसं चोरताना सापडल्यासारखी दिसते. तिच्या पोरानं, निवृत्तीनं, तोच फोटोवाल्याकडं देऊन मोठा करून आणला. फोटोवाल्यानं अक्काला गोरी केली, ओठ लाल केले. मी म्हणाले, "ही कोण नटी आणलीस रं? हिला हार घालू व्हय मी?" आणि त्याच झोकात चारचौघांत बोलून बसले, "मीच काढतो अक्काला. न्हाई जमलं तर लावा तुमची नटी."

दुसरी यत्ता शिकलेल्या बाईनं असं बोलू नये. पण तोंडातून गेलं ते गेलं. बोललेलं मागं घ्यायची माझी रीत नाही.

माझी नात ऋतिका म्हणाली, "आजी, पेन्सिलीनं काढ, खोडता येतं."

"खोडायला मी काय चुकायला बसलोय?" म्हटलं, आणि पेन उचललं.

पहिले कागद फाटलेच. वाकळेत जुन्या लुगड्यांचे थरावर थर असतात, सुई जोर लावून घालावी लागते. कागद बिचारा एकेरी. ऋतिका म्हणाली, "दाबू नकोस. हलक्या हातानं रेघेवर रेघ. जिथं अंधार, तिथं रेघा दाट." म्हणजे टाकेच की, मग आधी सांगायचं! तेव्हापासून हात बसला. वाकळ शिवावी तशी मी कडेपासून धरली, फिरत फिरत आत आले, आणि मधे येऊन अडकले. उभा जन्म एका चुलीपाशी भांडले जिच्याशी, तिचं तोंड आठवेना. आठवतो तो तोंडावरचा पदर. हसू आलं की अक्का पदर तोंडाला लावायची.

कोंबडी गप्प होते.

"सुंद्रे, सरक की जरा."

अक्का आहे. एक गुडघा वर करून बसलीय, जशी बसायची तशी. ती गेलेली आहे हे मला माहीत आहे, पण तसं तोंडावर बोलणं म्हणजे उंबऱ्यात आलेल्या पाहुणीला कधी जाणार ते विचारणं. मी सरकते.

"हे मी व्हय?" ती कागदात डोकावते.

"मग काय तहसीलदार?"

"कुड्या झ्याक काढल्यास. पर तोंड कुठं हाय?"

"तूच नेलंस. मला काय इचारतीस?"

"वाकळंचं पोट रिकामं ठेवून आडवी झालीस! आपल्यात असं करत्यात?"

आमच्यात वाकळ कडेकडून आत शिवत येतात, आणि मधला शेवटचा चौकोन मिटायच्या आधी त्यात भाकरीचा तुकडा घालतात. नाही घातला तर पांघरणाऱ्याला रात्रभर भूक लागते. अक्का मला हे लग्नाच्या वर्षी शिकवून गेली होती, आणि आता मेल्यावर पुन्हा शिकवायला आलीय.

कागद अंगणाएवढा झाला आहे. आम्ही दोघी दोन टोकांना बसून आत सरकतोय. माझ्या पेनातून रेघ निघते, ती उचलली की दोरा होते.

"वाकडी चाललीस, सुंद्रे."

"मी सरळच हाय. कागद वाकडा हाय."

"तोंड तेवढं जितं ठेवलंय देवानं तुझं."

गिरणीत आहोत. पट्टा थडथडतोय आणि डब्यात निळं पीठ पडतंय. अक्का चिमूट घेऊन बोटांत चोळते, नाक मुरडते. "जाडं झालं. आणखी हलकं पायजे."

"तुला मेलं काही पटलंय का कधी?"

"कुड्या पटल्या की."

शाळेच्या पडवीत रांग आहे, कार्डाच्या फोटोची. गिरणीचं पीठ अजून आमच्या भुवयांवर आहे. कॅमेऱ्यामागचा माणूस म्हणतो, "तोंड मिटा. हसायचं नाही."

"बघ," अक्का माझ्या कानाशी लागते, "ह्या मुडद्यानं हसू दिलं न्हाई. तवापास्नं मी चोर."

आणि तिला हसू फुटतं. पदर वर जातो. मी पुढं होऊन पदर धरते.

"सोड, लोकं बघत्यात."

"बघू द्यात. गुरुवार आलाय माझ्या डोक्यावर. एकदा मला बघू दे."

"दात बरा न्हाई माझा."

"माझा कुठला राजघराण्यातला हाय?"

ती थांबते. माझ्या पेनातून लोंबणारा निळा दोरा उचलते, तोंडाशी नेते आणि कट्. पदराशिवाय. तिच्या पुढच्या दाताला बारीक खाच आहे, दोरे तोडून तोडून पडलेली. कातर शोधायचा दोघींनाही कायम कंटाळा. त्या खाचेसकट अक्का हसते, डोळे बारीक होतात, गाल वर चढतात, आणि तोंड सगळं आपापल्या जागी येऊन बसतं.

"धर, तू बी तोड," ती दुसरं टोक मला देते.

मी तोडते. दोरा कडू आहे.

"येतो मी."

"भाकरी खाऊन जा की!"

"मला नगं. तिला घाल," ती कागदाकडं बोट करते.

"आजी! तोंडाला काय लावलंयस?" ऋतिका उशाशी उभी आहे.

पेनाचं टोक मी चावून ठेवलंय. ओठ, हनुवटी, सगळं निळं. मोरीवर चूळ भरते, साबण लावते. निघतं. आरशात तोंड उघडून बघते, तर पुढच्या दातावर एक निळी रेघ अडकून बसलीय. खाचेत. माझ्याही दाताला खाच आहे हे मला आजवर दिसलंच नव्हतं. मी आरशासमोर तोंड मिटून उभी राहणारी बाई.

आरसा तांदळाच्या डब्याला टेकवते, तोंड उघडते आणि काढते. हलक्या हातानं, रेघेवर रेघ.

"आजी, वारलेल्यांच्या फोटोत असे दात दाखवत नाहीत गं," ऋतिका म्हणते.

"आमच्यात दाखवत्यात. आजपास्नं."

दिवेलागणीला निवृत्ती येतो. कागद हातात घेऊन दिव्यापाशी नेतो. मग त्याला हसू येतं, आणि रुमाल तोंडावर जातो.

"रुमाल काढ," मी म्हणते. "आईवर गेलायस."

तो खाली बसून नटीची चौकट उघडतो, काच पुसायला लागतो. ऋतिका मला मिश्रीची डबी आणून देते, या वेळी मला ती लागते म्हणून. मी डबी पदराखाली ठेवते आणि जिभेनं ती निळी खाच चाचपते. आज मिश्री नको.