हवा संपत नाही

माझ्या भाऊजींना सगळं गाव 'आलोच' म्हणायचं. लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसानं आतल्या फोनचं बटण दाबलं की पलीकडून यांचा आवाज, "आलोच!" आणि मग स्वारी उगवायची चाळीस मिनिटांनी. त्यांच्या देखरेखीखाली सत्तेचाळीस लिफ्ट होत्या, त्यातल्या निम्म्या माझ्यापेक्षा म्हाताऱ्या. रोज एखादी तरी रुसून बसायचीच. भाऊजी मात्र कधी धावत गेले नाहीत. मेकॅनिक धावत आला की अडकलेला माणूस जास्त घाबरतो, असं त्यांचं म्हणणं. "पण आतल्याला दिसतं कुठे?" मी एकदा विचारलं. "पावलं ऐकू येतात," ते म्हणाले.

तीस वर्षं फोनवर त्यांची तीनच वाक्यं. जागेवरून हलू नका. दार स्वतः उघडायला जाऊ नका. हवा संपत नाही. दुसरं वाक्य ते खूप मोठ्यानं म्हणायचे, कारण नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी एका घाईच्या माणसानं दोन मजल्यांच्या मधून दार उघडून उडी टाकली होती आणि तो सरळ खाली खड्ड्यात गेला होता. भाऊजी तेव्हा जिन्यावर होते, एक मजला खाली. तिसरं वाक्य मात्र ते समजुतीच्या सुरात म्हणत. लिफ्ट थांबली की पाचव्या मिनिटाला प्रत्येकाला वाटतं, आता आपण गुदमरणार. कुणाचं डोकं दुखायला लागतं, कुणाला मळमळतं, कुणी गळ्याशी बटणं सोडत बसतं. लिफ्टला खालीवर फटी असतात, हवा येतजात असते, माणूस गुदमरतो तो भीतीनं, हे ते शांतपणे समजावून सांगत. माझी ताई, म्हणजे त्यांची बायको, या वाक्याची घरभर नक्कल करायची. दूध उतू गेलं, जळका वास सुटला, कुणी म्हटलं खिडकी उघड, की ही कमरेवर हात ठेवून, आवाज जाड करून: "हवा संपत नाही!" भाऊजी मान खाली घालून हसायचे.

हे सगळं मी कौतुकानं सांगतोय असं वाटेल. तसं नाही. वर्षभर मी या माणसाचं तोंड पाहिलं नव्हतं. ताई त्यांच्या शेजारच्या सीटवर बसल्याबसल्या गेली, आणि ती कशी गेली हे सांगायचं तर ही तीन वाक्यं आधी सांगावीच लागतात.

ताईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. डोळ्यावरची पट्टी काढून ती दोघं मोठ्या शहरातून आपल्या गाडीनं घरी यायला निघाली, सकाळी अकराला. नव्वद किलोमीटरचा रस्ता. हिमवादळ रात्री येणार असं रेडिओवर सांगितलं होतं, म्हणून भाऊजी निर्धास्त होते. निघण्याआधी ताईनं मला फोन केला. "अरे, तुझ्या भाऊजींच्या कानात केवढे केस आहेत! इतकी वर्षं कुणी सांगितलं नाही मला!" दोन वर्षं तिला सगळं धुरकट दिसत होतं. आता ती रस्त्यावरची प्रत्येक पाटी मोठ्यानं वाचत होती. वळण आहे. सावकाश. टायर पंक्चर. पेट्रोलपंप. भाऊजी म्हणाले, "अगं, मला वाचता येतं." ती म्हणाली, "तुम्हाला येतं हो, मला नव्हतं येत."

वादळानं रात्रीची वाट पाहिली नाही. साडेबाराच्या सुमारास समोरचा रस्ताच दिसेनासा झाला. एका वळणावर गाडी घसरली, अर्धी फिरली आणि तिची मागची बाजू कडेच्या बर्फाच्या ढिगात जाऊन रुतली. दोघांना खरचटलंही नाही. भाऊजींनी पुढेमागे करून पाहिलं, चाकं जागच्या जागी फिरत राहिली. फोन एकदाच लागला, महामार्गाच्या मदतकेंद्राला. तिथल्या बाईंनी सांगितलं, बर्फ काढायचं मशीन तुमच्याच गावाकडून निघतंय, चार-पाच तास लागतील, गाडीतच थांबा. भाऊजींना हायसं वाटलं. त्यांचीच भाषा होती ती.

ताई म्हणाली, "अहो, मागे पेट्रोलपंपाची पाटी होती ना, तिथं जाऊ या. फार तर दीड किलोमीटर असेल."

"दोन हातांवरचं दिसत नाहीये. जागेवरून हलायचं नाही."

यात त्यांचं काही चुकलं नाही. हे मान्य करायला मला फार दिवस लागले, पण चुकलं नाही.

इंजिन चालू ठेवून त्यांनी हीटर लावला. टाकी जवळजवळ भरलेली होती. थर्मासात चहा होता, मागच्या सीटवर ब्लँकेट होतं. दर अर्ध्या तासानं ते बाहेर पडत, पुढच्या काचेवरचा आणि बॉनेटवरचा बर्फ हातानं झाडत, मग ताईचा लाल स्कार्फ हातात घेऊन रस्त्याच्या मधोमध उभे राहत आणि मशीनचा आवाज येतो का ते ऐकत. दहा मिनिटं, कधी पंधरा. बोटं बधिर झाली की आत. गाडीच्या मागे ते एकदाही गेले नाहीत. मागे कशाला जायचं? मशीन यायचं होतं ते पुढून.

आणि मागे, सायलेन्सरच्या तोंडावर, बर्फ चढत होता.

काचा पांढऱ्या झाल्या तसं ताईला वाचायला काही उरलं नाही. मग तिनं थर्मासवरचं लेबल वाचलं. दारावरचा टायरच्या हवेचा तक्ता वाचला. अडीचच्या सुमारास म्हणाली, "डोकं दुखतंय हो."

"दुखणारच. सकाळपासून पाट्या वाचतेयस. डोळ्यांना आराम दे."

थोड्या वेळानं म्हणाली, "मळमळतंय. गुदमरल्यासारखं होतंय. जरा काच खाली करते."

"थंडी आत येईल. सगळी ऊब जाईल. अगं, हवा संपत नाही."

या वेळी तिनं नक्कल केली नाही.

भाऊजींनी मला हे सांगितलं तेव्हा त्यापुढचंही सांगितलं. ते त्यांनी पोटात ठेवलं असतं तर जगात कुणालाच कळलं नसतं. ताईचं बोट काचेच्या बटणावर होतं. यांनी तिचा हात अलगद उचलून तिच्या मांडीवर ठेवला, वर ब्लँकेट ओढलं आणि म्हणाले, "झोप जरा. आलोच बघून." आणि पुन्हा बाहेर, वाऱ्यात, स्कार्फ हातात घेऊन. परत आले तेव्हा ती झोपली होती. त्यांना बरं वाटलं. झोप लागली म्हणजे वेळ तरी जाईल. त्यांचंही डोकं ठणकत होतं, तोल जात होता, ते त्यांनी वाऱ्यावर ढकललं. आणखी तीनदा ते बाहेर गेले आणि तीनदा आत आले. आत आल्यावर दर वेळी तिच्याकडे पाहिलं. गाल लालबुंद होते. छान ऊब लागलीय, असं त्यांना वाटलं.

मशीनवाला पोचला तेव्हा पाच वाजून गेले होते. त्यानं काचेवर थाप मारली, दार उघडलं आणि आत डोकं घालताच मागे झाला. चारी दारं त्यानं एकामागून एक उघडून टाकली. मग धावत गाडीच्या मागे गेला आणि सायलेन्सरवरचा बर्फ हातांनी उकरू लागला.

तोच मला दवाखान्यात भेटला, टोपी हातात चुरगळत. "गाडीत थांबले ते बरोबर केलं बघा. चालत निघाले असते तर दोघंही गेली असती. फक्त मागचा सायलेन्सर मोकळा करत राहायचं, तो बुजला की विषारी धूर आत शिरतो. नाहीतर काच बोटभर उघडी ठेवायची."

भाऊजी आतल्या खाटेवर ऑक्सिजनचा मास्क लावून बसले होते. मला पाहताच त्यांनी तो काढला आणि सगळं सांगितलं, अकरापासून पाचपर्यंत, काही गाळलं नाही. नर्सनं दोनदा मास्क परत लावला, त्यांनी दोनदा काढला. सगळं ऐकून मी म्हणालो, "तीस वर्षं दुनियेला हवा शिकवलीत तुम्ही." आणि निघून आलो. ते वाक्य मी वर्षभर अभिमानानं सांभाळलं. माझी एकुलती एक बहीण गेली होती आणि मला राग धरायला एक माणूस हवा होता, तो आयता मिळाला.

माझी कचेरी चौथ्या मजल्यावर. तिथली लिफ्ट त्यांच्याच सत्तेचाळिसांतली, म्हणून मी वर्षभर जिना चढलो. ब्याण्णव पायऱ्या. सगळे म्हणायचे, तब्येत सांभाळतात साहेब. कसली तब्येत? गुडघ्यांची पार वाट लागली. शेवटी डॉक्टरांनी जिना बंद करायला सांगितलं आणि गेल्या मंगळवारी, सकाळी दहाला, मी नाक मुठीत धरून लिफ्टमध्ये शिरलो.

दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधे ती थांबली. दिवा गेला. मी पाच मिनिटं अंधारात चमकणाऱ्या फोनच्या बटणाकडे नुसता बघत राहिलो, मग दाबलं.

"किती जण आहात?"

आवाज बारीक झाला होता, पण त्यांचाच.

"एकटाच आहे," मी म्हणालो.

त्यांनी ओळखलं होतं. मला वाटलं, आता येणार ती तीन वाक्यं, निदान 'आलोच' तरी. आलं नाही.

"डोकं दुखतंय का?"

"नाही."

"मळमळ? गुदमरल्यासारखं?"

"नाही भाऊजी."

"मी समोरच्याच इमारतीत आहे. फोन ठेवणार नाही. दर मिनिटाला विचारीन. तू उत्तर देत जा." रस्त्यावरचे हॉर्न ऐकू आले. मग धाप. "डोकं?" "नाही." "खरं सांग." "खरंच नाही."

मग मला पावलं ऐकू आली. फोनमधून नव्हे, भिंतीपलीकडून, जिन्यावरून. बासष्ट वर्षांचा माणूस दोन-दोन पायऱ्या एकदम चढत धावत होता. त्यांचंच खरं होतं. ती पावलं ऐकून मी घाबरलो. स्वतःसाठी नाही.

बाहेरून किल्ली फिरली. दार बोटभरच सरकलं, उजेडाची एक पट्टी आत आली आणि त्या फटीत त्यांची ग्रीस लागलेली चार बोटं दिसली.

"अजून बाहेर येऊ नकोस. इथं तोंड आण. आधी श्वास घे."

आत हवा होती, भरपूर होती. तरी मी फटीशी तोंड नेलं आणि त्यांना ऐकू जाईल असा श्वास घेतला.