भिंतीत चढणारं पाणी

माझ्या मोठ्या नणंदबाई, आमच्या वन्सं, पडदे शिवतात. तळमजल्यावरची एकच खोली. तिथंच मशीन, तिथंच बिछाना. नवऱ्याच्या पश्चात याच खोलीत दोन मुली मार्गी लावल्या. आवाज कधी चढवला नाही. त्या दिवशी मात्र अख्ख्या गल्लीनं ऐकला.

भिंतींना गुडघाभर ओल आली होती, कापडाला बुरशी धरत होती. घरमालक दारात येऊन म्हणाला, "बाई, खोलीत धुणी धुऊन भिंती नासवल्यात तुम्ही. महिनाअखेर खोली मोकळी करा."

"धुणं मी गच्चीवर धुते, मालक. ओल जमिनीतून येतेय."

"दाखवा मग!"

वन्संनी पहार उचलली, मी घमेलं. मागच्या अंगणात, भिंतीला लागूनच खणलं. गुडघाभर खाली गेल्यावर चिखलासारखी ओली माती लागली, तशी आम्ही थांबलो आणि त्याला बोलावलं. त्यानं वाकून पाहिलं. "पाणी कुठंय? थेंब नाही!" आणि शेजाऱ्यांना ऐकू जाईल असा हसला. माझं डोकंच फिरलं.

चूक आमचीच. ओली माती म्हणजे खड्ड्यात पाणी उतरणारच, असं धरून चाललो होतो.

"वन्सं, पडद्याची कड बादलीत पडली होती, आठवतं?"

"हो की! अर्धा पडदा भिजला, पण वरून काही टपकलं नाही."

बारीक माती तशीच. खालचं पाणी कणाकणांच्या फटींतून वर चढतं आणि तिथंच चिकटून राहतं. खड्ड्यात उतरत नाही; खड्डा त्या खालच्या पाण्यापर्यंत गेला तरच ते दिसतं. विटा मात्र त्या मातीत पाय रोवून ते पीत राहतात.

वन्संनी पुन्हा पहार घेतली. "जाऊ नका, मालक. अजून हसायचं राहिलं असेल तर इथंच हसा."

कमरेइतकं खणलं तेव्हा तळाशी चहूबाजूंनी पाणी झिरपून साठलं.

त्यानं पाहिलं, घसा खाकरला. "म्हणजे खोली राहण्यालायकच नाही. तुमच्याच भल्यासाठी सांगतो, सोडा."

"इतकी वर्षं भाडं घेताना लायक होती?" वन्सं कडाडल्या. "पाणी तुमच्या जमिनीतलं, भिंत तुमची, आणि घर मी सोडू? खोली सोडत नाही! पायाशी ओल अडवणारा थर घाला."

शेजारी आता त्याच्याकडे बघत होते. "बघतो," तो पुटपुटला.

"बघतो नको. गवंडी कधी येतो ते सांगा."

गवंडी सोमवारी आला. मालक उपकार केल्यासारखं तोंड करून बाजूला उभा होता. वन्संनी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. गवंड्याला दोनदा चहा दिला.