सुनेला न लागलेलं रक्त

लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि घरात मूल नव्हतं. त्या उन्हाळ्यात माझं पोट डाव्या अंगानं भरल्यासारखं दिसू लागलं. जेवण जाईना, शाळेच्या पायऱ्या चढताना धाप लागायची. बरोबरच्या शिक्षिका एकमेकींकडे पाहून हसू लागल्या. शेजारच्या काकूंनी तर ओटी भरायच्या गोष्टी सुरू केल्या. मी वरवर ‘काहीतरीच काय’ म्हणत होते, पण आतून मलाही तसंच वाटू लागलं होतं. तळ्यातल्या सिद्धेश्वराला जाऊन मी नवससुद्धा बोलून आले. पंधरा दिवसांनी डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, रक्त तपासायला पाठवलं आणि यजमानांना आत बोलावून घेतलं. पोटात बाळ नव्हतं. प्लीहा वाढली होती. मला रक्ताचा कॅन्सर झाला होता.

आम्ही लिंगायत. सकाळी आंघोळ करून इष्टलिंग डाव्या तळहातावर घ्यायचं, पूजा करायची, मगच तोंडात काही घालायचं, ही माझ्या आईची शिस्त. त्या दिवसापासून मी पूजा सोडली. गळ्यातून लिंग काढण्याचं धाडस मात्र झालं नाही. चांदीची डबी बंदच ठेवून मी ती गळ्यात वागवत राहिले. यजमानांच्या हे लक्षात आलं होतं. ते एका शब्दानं बोलले नाहीत, आणि त्यांच्या त्या न बोलण्याचाही मला राग यायचा.

मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या. दर पंधरवड्याला रक्त तपासायचं आणि पांढऱ्या पेशी किती वाढल्या ते पाहून गोळ्या कमीजास्त करायच्या. गोळ्यांनी वर्षभरात पोट उतरलं, पण कातडी काळवंडली. डॉक्टर स्पष्ट बोलणारे होते. म्हणाले, “या गोळ्यांनी आजार दबून राहील, जाणार नाही. तीन-चार वर्षांत तो उलटतो.” मग त्यांनी विचारलं, सख्खी भावंडं किती? मी म्हटलं, एकच बहीण, गंगा. आम्ही जुळ्या, लहानपणी आईलाही ओळखू न येणाऱ्या. डॉक्टर खुर्चीत पुढे सरकले. परदेशात अशा रोग्याला जुळ्या भावंडाच्या हाडातला मगज देऊन पाहताहेत, असं त्यांनी सांगितलं. आपल्याकडे ती सोय नव्हती. त्यांनी तिकडच्या रुग्णालयाला पत्र घातलं. अडीच महिन्यांनी उत्तर आलं, ‘दोघींना घेऊन या.’

गंगा केम गावाला दिलेली. यजमान पत्र घेऊन तिच्याकडे गेले आणि दुसऱ्या दिवशीच्या पॅसेंजरनं परत आले. त्यांचा चेहरा पाहूनच मला कळलं. गंगाला चौथा महिना लागला होता. ती लगेच निघायला तयार होती, पण डॉक्टरांनी साफ नाही सांगितलं. बाळंतपण होऊ दे, बाळ अंगावरून थोडं सुटू दे, मग पाहू. म्हणजे वर्ष तरी थांबायचं. माझ्याकडे वर्षं होतीच किती?

आता जे लिहिते आहे ते लिहायला हात धजत नाही. पुढचे तीन महिने मी रोज मनात म्हणत होते, ते बाळ राहायला नको होतं. पुढे पुढे तर म्हणत होते, ते पडून जावं. गंगाचं खुशालीचं पत्र आलं की माझा दिवस वाईट जाई. दोन मुलं असलेल्या माझ्या बहिणीला तिसरं मिळत होतं, आणि माझ्या पोटात जे वाढलं ते मला मारणार होतं. बाहेरून मी तिला ‘जपून राहा’ असं लिहीत होते.

दिवाळीच्या आधी मला ताप भरला आणि हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. गोळ्यांनी रक्तच आटवलं होतं. सोलापूरच्या दवाखान्यात बायकांच्या वॉर्डात मला ठेवलं. शेजारच्या खाटेवर सांगोल्याकडची एक तरुण धनगर बाई होती. बाळंतपणात तिचं फार रक्त गेलं होतं. तिची सासू दिवसभर पायाशी बसून तिचे तळवे चोळत असे. तिला मी मावशी म्हणू लागले. चौथ्या दिवशी दुपारी मावशीनं विचारलं, “बाई, गळ्यात काय हाय ते?”

“आमचं लिंग आहे.”

“म्हंजी म्हादेवच की. मग त्येला कोंडून का ठिवलाय? चार दिस बगते, येकदाबी डबी उगाडली न्हाय तुमी.”

तापानं म्हणा किंवा कशानं म्हणा, जे यजमानांनाही सांगितलं नव्हतं ते मी त्या अनोळखी बाईला सांगून टाकलं. बहिणीच्या पोटातल्या बाळाचं वाईट चिंतते आहे, देवापुढे कुठल्या तोंडानं जाऊ, असं म्हणाले. मावशीचे हात सुनेच्या पायावरून फिरायचे थांबले नाहीत.

“भात्तरच्या दुष्काळात आमी खडी फोडायला जायचो,” ती म्हणाली. “सासू आंधळी हुती. सुकडी मिळायची त्यात समद्यांनी खायाचं. मला रोज वाटायचं, म्हातारी मरंल तर लेकरांस्नी घासभर जास्ती हुईल. आन मेली की ती. आठ दिस माज्या गळ्याखाली घास उतरला न्हाय.”

“मग काय केलंत?”

“काय करनार? बिरोबाम्होरं जाऊन बसले. म्हनलं, मन माजं असलं हाय. तुला ठावं हायच, लपवू कशाला? आता तूच बग काय करायचं ते. आन उठून खडी फोडायला गेले.”

ती मला धीरही देत नव्हती आणि दोषही देत नव्हती. तिनं फक्त स्वतःचं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाकातून रक्त सुरू झालं ते थांबेना. बोळ्यांवर बोळे भिजत होते. ताजं रक्त चढवायला हवं होतं आणि माझा गट सहज न मिळणारा. गंगाचा तोच, पण तिला सातवा महिना. यजमान गावभर फिरत होते. नर्स डॉक्टरांना हलक्या आवाजात गटाचं नाव सांगत होती, ते मावशीनं ऐकलं आणि ती उठली.

“शिस्टर, त्या पोरानं परवा माजं रगात तपासलं तवा हेच नाव घ्येतलं हुतं. म्हनला, लई कमी लोकांचं आसतंय. माज्या सुनंला न्हाय लागलं. ह्या बाईला लागतंय का बगा.”

लागलं. तासाभरानं माझ्या उजव्या हाताला बाटली जोडली गेली. मावशी दंडाशी कापूस दाबून परत सुनेच्या पायाशी बसली होती. नाकातलं रक्त हळूहळू थांबत आलं. मी डाव्या हातानं डबी उघडायचा प्रयत्न केला, पण बोटांत जोर नव्हता. नर्सनं झाकण उघडून दिलं. लिंग तळहातावर आलं, पण हात उचलून धरवेना. मावशी आली. तिनं लिंगाला बोट लावलं नाही. माझ्या कोपराखाली फक्त आपला हात धरला आणि उभी राहिली. दीड वर्षानं मी देवाकडे पाहत होते. मागायचं काही सुचलं नाही. मन असलं आहे, तुला ठाऊक आहेच, एवढंच म्हटलं. मग फार रडू आलं.

दोन दिवसांनी दुपारी मावशीची सून गेली. मी जागी होते. मावशी ओरडली नाही. तिनं सुनेचं लुगडं नीट केलं, केस मागे सारले. जीप आली तेव्हा माझ्या खाटेशी थांबून म्हणाली, “लेकरू घरी शेळीच्या दुदावर हाय. जाते, बाई.” तिचं रक्त मला लागावं आणि तिच्या घरच्या पोरीला लागू नये, यात कुठली कृपा म्हणायची? मी जगले याबद्दल देवाचे आभार मानताना त्या रिकाम्या खाटेकडे पाहावं लागत होतं. पुढे यजमान सांगोल्याच्या बाजारात दोनदा मावशीचा पत्ता विचारून आले. कुणाला सांगता आलं नाही.

गंगाला मुलगी झाली. सव्वा महिन्यानंतर ती बाळाला घेऊन आली. माझं काळवंडलेलं तोंड पाहून तिनं पदर डोळ्यांना लावला. आता आम्ही जुळ्या आहोत हे कुणाला खरं वाटलं नसतं. मी तिला सगळं सांगितलं, एकही शब्द न गाळता. बाळाला मांडीवरून उचलून तिनं छातीशी धरलं, तेव्हा वाटलं की ही आता उठून जाणार. मग घरच्या कानडीत एवढंच म्हणाली, “आग्ली, बिडु.” होऊ दे, सोड. तिनं क्षमा केली की नाही, मला माहीत नाही. पण ती राहिली.

हे लिहिते आहे तोवर आमचं जाणं झालेलं नाही. कागदपत्रं व्हायची आहेत, बाळ अजून अंगावर पितं. गेल्या दोन तपासण्यांत पांढऱ्या पेशी पुन्हा वाढल्या आहेत. आजार उलटायच्या आत पोहोचू की नाही, हे डॉक्टरही सांगत नाहीत. पूर्वी मी हीच वाट दात आवळून पाहत होते. आता सकाळी गोळी घेते, जमेल तशी शाळेत जाते, आणि पुढचं ज्याचं त्याच्यावर सोडते. रोज सोडता येतं असं नाही. ज्या दिवशी येत नाही, त्या दिवशी तेही त्याला सांगते.

एकदा मी डॉक्टरांना विचारलं, दुसऱ्याचं दिलेलं रक्त आपल्या अंगात किती दिवस राहतं? ते म्हणाले, जास्तीत जास्त चार महिने. म्हणजे मावशीचं माझ्यात आता काही उरलेलं नाही. मी मात्र उरले आहे.