गिताबाईचा हलका स्टोव्ह

मेंढरांमागं रोज नवं रान, नवी तीन दगडांची चूल आणि डोळ्यांत तोच धूर. फुंकर घालून गिताबाई पार थकली होती. शेवटी नवरा म्हस्कू तिला दौंडच्या बाजारात स्टोव्ह घ्यायला घेऊन आला. घोडी आधीच बिऱ्हाडानं वाकलेली, स्टोव्ह डोक्यावरच न्यावा लागणार, म्हणून गिताबाईनं एकेक स्टोव्ह डोक्यावर ठेवून चालून पाहिला.

"मावशी, स्टोव्ह पेटवून बघायचा असतो!" दुकानदार हसला.

"पेटंल तवा पेटंल. वाहायचा रोज हाय."

सगळ्यात लहान, वातीचा स्टोव्ह तिला पसंत पडला.

"हलका हाय न्हवं?" म्हस्कूनं सुटकेचा निःश्वास टाकला.

"व्हय. आन् रॉकेलचा डबा तुमच्या खांद्याला."

म्हस्कूनं भरलेला डबा उचलला, खाली ठेवला.

"अगं, दगडं काय वाईट हुती?"

गिताबाई तोवर स्टोव्ह घेऊन चालू लागली होती.