टेस्टरने करंट मोजला

माझ्या धाकट्या भावाला सगळे टेस्टर म्हणतात. पेशाने वायरमन. मेन बंद केलाय म्हणून कोणी शपथ घेतली तरी स्वतः तपासल्याशिवाय हा वायरला बोट लावायचा नाही.

आठ वर्षांपूर्वी त्याला आवाज ऐकू यायला लागले. दोन पुरुष, दिवसभर कानाशी, "वायर उघडी ठेवलीस. आता कोणीतरी मरणार." की हा ताट अर्धवट टाकून गिऱ्हाइकाच्या दारात हजर. तिथे सगळं ठीकठाक. एकेका घरी दिवसातून चारदा जायला लागल्यावर लोकांनी काम देणंच बंद केलं. डॉक्टरांनी स्किझोफ्रेनिया सांगितला. गोळ्या दिल्या, वाढवल्या, बदलल्या. झोप वाढली, वजन वाढलं, पण ते दोघे मेले जागचे हलेनात. त्यांच्या गोंगाटातून आमचा भाऊ आम्हाला परत मिळेल ही आशा मी जवळजवळ सोडलीच होती.

मग डॉक्टर म्हणाले, "गोळ्यांच्या जोडीला डोक्यावरून बारीक करंट देऊन बघू. सगळ्यांनाच गुण येतो असं मात्र नाही."

मी उसळलेच. "शॉक देणार तुम्ही माझ्या भावाला?"

"शॉक वेगळा, त्याला भूल देतात. हा जागेपणीच, खुर्चीत बसून. दोन मिलीअँपिअर."

"बॅटरीवर की प्लगवर?" भावाने विचारलं. महिन्याभरात तो पहिल्यांदा आपणहून बोलला होता.

"बॅटरीवर."

पहिल्या दिवशी मशीनवाल्या बाईंनी मिठाच्या पाण्यात दोन स्पंज भिजवले. एक कपाळावर डावीकडे लावायचा, दुसरा डाव्या कानाच्या वर. त्या जवळ येताच भावाने दोन्ही हातांनी डोकं झाकून घेतलं. "ते म्हणतायत, जाळणार मला. आधी मोजू द्या."

बाहेर चार जण ताटकळत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "अरे, त्या शिकलेल्या आहेत! तू त्यांचं मशीन तपासणार?"

बाईंनी शांतपणे स्पंज वाटीत ठेवले. "मीटर आहे का तुमच्याकडे?"

"घरी आहे."

"उद्या घेऊन या. जोडणार मी, वाचायचं तुम्ही."

दुसऱ्या दिवशी हा मीटर पुसूनबिसून घेऊन हजर. बाईंनी दोन्ही स्पंज मिठाच्या पाण्याच्या वाटीतच ठेवले, मीटर मध्ये जोडला, मशीन चालू केलं. आकडा हळूहळू चढला आणि दोनवर थांबला. भाऊ बराच वेळ बघत राहिला. "एवढ्याने मुंगीसुद्धा दचकायची नाही," म्हणाला आणि खुर्चीत जाऊन बसला.

रोज दोनदा, वीस-वीस मिनिटं, पाच दिवस. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "बाई, कानावरचा स्पंज सुकलाय, म्हणून टोचतंय." खरंच सुकला होता. तेव्हापासून त्या प्रत्येक वेळी त्याला विचारायच्या, "बघा हो, बरोबर बसलाय ना?" आठ वर्षांत त्याच्या कामातलं त्याला कोणी काही विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही. त्या बाईंचे उपकार मी जन्मात विसरणार नाही. डॉक्टरांचेही मानते, पण त्यांचे थोडे कमी.

लगेच काही जादू झाली नाही. पाच दिवस संपले, घरी आलो, गोळ्या चालूच होत्या. मी देवाला आणि त्या मशीनला आलटून पालटून बोल लावत होते.

तीनेक आठवड्यांनी, एका दुपारी मी स्वयंपाकघरातून नेहमीसारखी ओरडले, "जेवायला वाढू का? ए, जेवायला वाढू का?" त्याच्याशी बोलायचं ते असंच, घसा फोडून आणि दोनदा. एकदा सांगून त्याच्यापर्यंत काही पोचायचंच नाही.

तो दारात येऊन उभा राहिला. "ताई, ओरडतेस कशाला एवढी?"

"आणि ते दोघे?"

"आहेत. पण हळू बोलतात आता. तुझं ऐकू येतं."

मी डोळे पुसले आणि माझं मलाही धड ऐकू येणार नाही इतक्या हळू विचारलं, "वाढू?"

"वाढ," तो म्हणाला.